एलीट (व्हिडिओ गेम)

एलीट हा अवकाशातील व्यापार आणि लढाई या विषयावरील विज्ञानकथात्मक व्हिडिओ गेम आहे. केंब्रिज विद्यापीठात शिकणाऱ्या डेव्हिड ब्रेबेन व इयन बेल या दोन विद्यार्थ्यांनी तो लिहिला. एकॉर्नसॉफ्ट या ब्रिटिश कंपनीने तो २० सप्टेंबर १९८४ रोजी बीबीसी मायक्रो व एकॉर्न इलेक्ट्रॉन या संगणकांसाठी प्रकाशित केला. आठ दीर्घिका व प्रत्येकीत २५६ ग्रह, म्हणजे एकूण २,०४८ ग्रहांचे विश्व खेळाडूस मोकळे करून देणारा हा खेळ सुमारे २२ किलोबाइट स्मृतीत चालत असे. आजच्या संगणकावर देवनागरीतील एका चिन्हास तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने साधारण या लेखाएवढ्याच मजकुराला तेवढी जागा पुरते.

पार्श्वभूमी

बीबीसीच्या संगणक-साक्षरता उपक्रमासाठी एकॉर्न कंपनीने बीबीसी मायक्रो हा संगणक तयार केला होता आणि तो ब्रिटनमधील असंख्य शाळांत पोहोचला होता. भारतातही ‘क्लास’ या शालेय संगणक प्रकल्पात हेच यंत्र वापरले गेले. त्यामुळे त्या काळातील अनेक शिक्षक व विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा हात लावलेला संगणक तोच होय. त्याच्या ‘मॉडेल बी’ या प्रकारात ३२ किलोबाइट स्मृती असे. पडद्यावरील चित्र व यंत्राची स्वतःची कामे यांसाठी लागणारी जागा वजा जाता जे उरे, त्यात खेळ बसवावा लागे.

त्या काळातील बहुतेक व्हिडिओ गेम नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांच्या धर्तीवर रचलेले असत. खेळाडूला तीन ‘जीव’ मिळत, गुणसंख्या वाढत जाई आणि काही मिनिटांत डाव संपे. पुढचे नाणे पडावे यासाठी ही रचना सोयीची होती. घरातील संगणकाला तिची काहीच गरज नव्हती. तरीही थॉर्न ईएमआय या प्रकाशकाने एलीट नाकारताना नेमकी हीच अपेक्षा व्यक्त केली, असे ब्रेबेन यांनी पुढे सांगितले आहे. एलीटमध्ये गुणसंख्या नव्हती आणि शेवटही नव्हता. खेळाची स्थिती साठवून ठेवता येई व दुसऱ्या दिवशी त्याच गोदीतून पुन्हा निघता येई. एकॉर्नसॉफ्टने हा धोका पत्करला.

खेळाचे स्वरूप

खेळाडू ‘लेव्ह’ या ग्रहाभोवतीच्या अवकाशस्थानकात उभा असतो. त्याच्यापाशी ‘कोब्रा मार्क ३’ हे यान, १०० क्रेडिट, तीन क्षेपणास्त्रे आणि सात प्रकाशवर्षे पुरेल एवढे इंधन असते. पुढे काय करावे, हे त्याला कोणी सांगत नाही. कृषिप्रधान लेव्हवर स्वस्त मिळणारे अन्न लीस्टीसारख्या औद्योगिक ग्रहावर नेऊन विकावे आणि परतताना तेथील संगणक आणावेत, हा नवशिक्यांचा रुळलेला मार्ग होता. मिळकतीतून अधिक प्रभावी लेझर, मोठी मालकोठी, इंधन गोळा करणारे साधन असे काही ना काही विकत घेता येते.

व्यापाराच्या सतरा वस्तूंमध्ये धान्य, कापड व यंत्रसामग्री यांबरोबरच अमली पदार्थ, शस्त्रे आणि गुलामही आहेत. नफ्याच्या तक्त्यात गुलाम हा इतर मालासारखाच एक माल म्हणून दिसतो. उपदेश कोठेही नाही. मात्र असा माल घेऊन निघणाऱ्याची नोंद ‘निष्कलंक’वरून ‘गुन्हेगार’ व अखेर ‘फरारी’ अशी बदलत जाते आणि पोलिसांची याने त्याच्या मागे लागतात. खेळाडूच्या वर्तनाचा हिशेब ठेवणारी ही व्यवस्था त्या काळात अपूर्वच म्हटली पाहिजे. प्रत्येक ग्रहाची शासनपद्धतीही ठरलेली असते. रीडक्वाटसारख्या अराजक ग्रहापाशी चाचे टपलेले असतात, तर लोकशाही असलेल्या वा कंपनी-शासित ग्रहांकडील प्रवास तुलनेने निर्धोक असतो.

लढाईतील कौशल्यानुसार ‘निरुपद्रवी’पासून ‘एलीट’पर्यंत नऊ पदव्या मिळतात. दुसऱ्या पदवीचे ‘बहुतांशी निरुपद्रवी’ हे नाव डग्लस ॲडम्स यांच्या विनोदी विज्ञानकथेतून आले आहे. सर्वोच्च पदवीसाठी ६,४०० याने पाडावी लागतात. अनेकांना त्याहूनही अवघड वाटे ती गोष्ट म्हणजे स्वतःभोवती फिरणाऱ्या स्थानकाच्या अरुंद फटीतून, त्याच गतीने गिरकी घेत, गोदीत शिरणे. कमोडोर ६४ वरील आवृत्तीत हे काम स्वयंचलित यंत्रणेवर सोपवले की ‘ब्लू डॅन्यूब’ची धून वाजते, ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाला केलेला तो नमस्कार आहे.

विश्वाची रचना

ग्रहांची नावे, स्थाने, लोकसंख्या आणि बाजारभाव यांची कोणतीही यादी एलीटमध्ये साठवलेली नाही. प्रत्येक ग्रहाच्या मुळाशी केवळ तीन संख्या, म्हणजे सहा बाइट, असतात. या तिन्हींची बेरीज करून नवी संख्या काढायची, सर्वांत जुनी टाकून द्यायची, आणि हीच क्रिया पुन्हा करीत राहायची. फिबोनाची श्रेणीत दोन संख्यांची बेरीज होते, येथे तिन्हींची होते, एवढाच फरक. बेरीज ठरावीक मर्यादेबाहेर गेली की वरचा भाग गळून पडतो, आणि त्यामुळे वरकरणी विस्कळीत दिसणारे पण नेमके तेच आकडे दर वेळी मिळतात. त्या आकड्यांच्या निरनिराळ्या अंशांतून ग्रहाचे नकाशावरील स्थान, शासन, अर्थव्यवस्था व तंत्रज्ञानाची पातळी ठरते. सर्व संगणकांवर लेव्ह एकाच जागी सापडतो तो यामुळेच.

नावेही याच पद्धतीने घडतात. कार्यक्रमात रोमन अक्षरांच्या बत्तीस जोड्यांचा तक्ता आहे. एल-ए आणि व्ही-ई मिळून ‘लेव्ह’. आर-आय, ई-डी, क्यू-यू व ए-टी मिळून ‘रीडक्वाट’. डिस्कवरील आवृत्तीत वाक्यांचे तुकडे जुळवून ग्रहांची वर्णनेही तयार होतात. लेव्हची ख्याती तेथील विस्तीर्ण वर्षावनांसाठी व झाडांवरील एका अळीसाठी असल्याचे त्यातूनच कळते.

पुढील दीर्घिका मिळवण्यासाठी मूळ सहा बाइटांपैकी प्रत्येकातील अंक एका घराने डावीकडे सरकवले जातात. बाइटात आठच घरे असल्यामुळे आठ उड्यांनंतर प्रवासी पहिल्या दीर्घिकेत परततो. या गणिताने कोट्यवधी दीर्घिकाही काढता आल्या असत्या आणि लेखकांचा मूळ विचार तसाच होता. परंतु इतक्या अफाट संख्येने विश्वाचा कृत्रिमपणा उघडा पडेल, असे प्रकाशकाचे मत पडले व आठवर समाधान मानण्यात आले. हा निर्णय शहाणपणाचा ठरला. आठवणीत राहतील आणि मित्रांशी बोलताना नावाने सांगता येतील, एवढेच ग्रह त्यामुळे खेळाडूच्या वाट्याला आले.

पडद्यावर याने केवळ रेषांनी काढलेली दिसतात, परंतु मागील बाजूच्या रेषा लपवल्या जात असल्याने ती भरीव भासतात. खालील नियंत्रणफलकावरील लंबवर्तुळाकार दर्शक इतर यानांची दिशा, अंतर व उंची एकाच वेळी दाखवतो. पुढील अनेक अवकाश-खेळांनी तो उचलला.

पेटीतील साहित्य

रेषांच्या या चित्रांना देह देण्याचे काम पेटीतील कागदांनी केले, हे एलीटच्या तांत्रिक प्रशंसेत बरेचदा विसरले जाते. यान चालवण्याची माहितीपुस्तिका प्रत्यक्ष वैमानिकाला दिल्यासारखी लिहिली होती. सोबत रॉबर्ट होल्डस्टॉक या इंग्रज कादंबरीकाराची ‘द डार्क व्हील’ ही लघुकादंबरी होती. तीत उल्लेखलेले ‘रॅक्सला’ हे गूढ स्थळ आणि पुस्तिकेत वर्णिलेली, पिढ्यान्‌पिढ्या प्रवास करणारी महायाने खेळाडूंनी आठही दीर्घिकांत शोधली. मूळ खेळात ती नव्हतीच.

प्रभाव आणि वारसा

फायरबर्ड या प्रकाशकाने एलीट कमोडोर ६४ व झेडएक्स स्पेक्ट्रम या संगणकांवर आणल्यावर त्याचा प्रसार वाढला. ‘फ्रंटियर: एलीट २’ (१९९३) या पुढील भागात न्यूटनच्या नियमांप्रमाणे यान चालवावे लागे, त्यामुळे विश्व अधिक खरे झाले, पण लढाईतील रंगत उणावली. ‘इव्ह ऑनलाइन’ (२००३) आणि ‘नो मॅन्स स्काय’ (२०१६) या खेळांची वंशरेषा एलीटपर्यंत पोहोचते.

ब्रेबेन यांच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्स कंपनीने २०१२ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणीचे आवाहन केले. त्यातून १५ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली व ‘एलीट: डेंजरस’ डिसेंबर २०१४ मध्ये प्रकाशित झाला. आपल्या आकाशगंगेची प्रत्यक्ष प्रमाणातील, सुमारे ४०० अब्ज तारकामंडलांची प्रतिकृती त्यात आहे. मात्र आंतरजालाविना एकट्याने खेळण्याची आश्वासन दिलेली सोय प्रकाशनाच्या काही आठवडे आधी रद्द झाल्याने वर्गणीदार संतापले. त्यांचा आक्षेप केवळ गैरसोयीचा नव्हता. कंपनीचे सर्व्हर ज्या दिवशी बंद होतील, त्या दिवशी ही आकाशगंगाही नाहीशी होईल.

मूळ एलीटचे तसे झालेले नाही. बेल यांनी त्याच्या अनेक आवृत्त्या आपल्या संकेतस्थळावर उपलब्ध करून दिल्या. पुढे मार्क मोक्सॉन यांनी बीबीसी मायक्रोवरील संपूर्ण आज्ञावली ओळीगणिक टिपांसह प्रसिद्ध केली असून ग्रहांची नावे काढण्याची रीत तीत कोणालाही वाचता येते. बीबीसी मायक्रोचे अनुकरण करणाऱ्या आजच्या प्रणालींवर हा खेळ चालतो आणि खेळाडू आजही लेव्हच्या गोदीतूनच निघतो.