एल्मिना : सोन्याच्या किनाऱ्यावरील किल्ला

घानाच्या किनाऱ्यावर, बेन्या खाडीच्या मुखाशी, एल्मिना हे लहानसे बंदर वसले आहे. तेथील संत जॉर्जचा किल्ला ही सहाराच्या दक्षिणेस युरोपियनांनी उभारलेली सर्वांत जुनी मोठी वास्तू मानली जाते. वसई पोर्तुगिजांच्या हाती आली १५३४ साली. एल्मिनाचा पाया त्यापूर्वी ५२ वर्षे घातला गेला होता.

१४८२ च्या जानेवारीत दियोगु द आझांबुजा हा सरदार सुमारे ६०० माणसे आणि पोर्तुगालमध्येच घडविलेले दगड व लाकूड घेऊन येथे उतरला. अधूनमधून भेटणाऱ्या मित्रांतच स्नेह टिकतो, तेव्हा येथे कायमचे घर बांधू नये, असे स्थानिक राजाने त्याला सुचविल्याचे पोर्तुगीज बखरकार नमूद करतात. अखेर राजाने संमती दिली. परंतु पवित्र मानलेला खडक फोडला जाताच लोक खवळले आणि नजराणे देऊन त्यांची समजूत काढावी लागली.

आरंभी व्यापार सोन्याचा होता. ते आणणाऱ्या आफ्रिकी व्यापाऱ्यांना ओझी वाहण्यास माणसे हवी असत. म्हणून पोर्तुगीज बेनिनकडून गुलाम आणून येथे विकत. १६३७ मध्ये डचांनी समोरच्या टेकडीवर तोफा चढवून किल्ला जिंकला. चौकातील पोर्तुगीज चर्च त्यांनी अन्य कामी लावले व स्वतःसाठी प्रार्थनेची निराळी खोली केली. त्याच छपराखाली, तळघरांतील अंधारकोठड्यांत, अटलांटिकपार पाठवावयाचे स्त्री-पुरुष कोंडलेले असत. डचांनी हा व्यापार १८१४ मध्ये बंद केला. १८७२ साली किल्ला इंग्रजांकडे गेला. त्यांचे स्वामित्व न मानणाऱ्या जुन्या गावावर त्यांनी १८७३ मध्ये तोफा डागल्या.

१८८० च्या मे महिन्यात फादर मोरो आणि फादर म्युरा हे फ्रेंच मिशनरी येथे आले आणि घानातील आधुनिक कॅथलिक धर्मकार्यास प्रारंभ झाला. गावात तेव्हाही ‘न्तोना’ नावाचे एक श्रद्धास्थान होते. हे नाव पोर्तुगिजांच्या संत अंतोनीवरून आले असावे, असे मानले जाते. पोर्तुगीज जाऊन दोनशेहून अधिक वर्षे लोटली होती. तरी ज्यांच्या भूमीवर किल्ला लादला गेला, त्या लोकांनी संताची आठवण आपल्या रीतीने सांभाळली होती.

१९७९ पासून हा किल्ला जागतिक वारशात गणला जातो. तेथील वास्तुवैभव पाहताना आपण ख्रिस्ती वाचकांनी एक प्रश्न टाळू नये : वर स्तोत्रे गाणाऱ्यांना खालचे हुंदके ऐकू येत नव्हते काय?