एक लेखनप्रणाली, दोन घरें

सन १९८४ च्या जानेवारींत ॲपल कंपनीनें मॅकिन्टॉश हा संगणक बाजारांत आणला, तेव्हां यंत्राबरोबर त्याचे रिवाजही आले. आज्ञांच्या मेनूची पट्टी पडद्याच्या माथ्यावर, आणि ती एकच. माऊसला बटण एकच. पुढें १९८७ सालीं कंपनीनें हे नियम पुस्तकरूपानेंही प्रसिद्ध केले. हेतु हा कीं, एक प्रणाली शिकलेल्या माणसास दुसरी हाताळतांना पुन्हा श्रीगणेशा गिरवावा लागूं नये.

मायक्रोसॉफ्ट कंपनीनें या यंत्रासाठीं 'वर्ड' ही लेखनप्रणाली १९८५ सालीं आणली. १९९२ ची तिची ५.१ ही आवृत्ति तर मॅकिन्टॉशच्या भक्तांनीं अगदीं आपलीशी केली. परंतु मायक्रोसॉफ्टची स्वतःची विंडोज होती, आणि तिचा वर्ड निराळा होता. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या दोन लेखनिकांकडून लिहवून घ्याव्या, तसा हा प्रकार. श्रम दुप्पट, आणि दोहोंत पाठभेद ठरलेले. तेव्हां मूळ संहिता एकच करावी असें ठरलें. हा विचार वावगा नव्हता, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. विंडोजवरील वर्डचा अनुक्रमांक तर दोनावरून एकदम सहावर नेण्यांत आला. इतर यंत्रांवरील आवृत्त्यांशीं तो जुळावा म्हणून!

१९९४ सालीं मॅकिन्टॉशसाठीं वर्ड ६ निघाला, आणि ग्राहकांत एकच ओरड झाली. तो फार संथ चाले, स्मृतीचा मोठा भाग गिळी. पण तक्रार तेवढीच नव्हती. चौकटींची मांडणी, साधनपट्ट्या, कामाची सारी धाटणी विंडोजच्या वळणाची होती. वर्षानुवर्षें बोटांत मुरलेली संवय एकाएकीं निरुपयोगी झाली. पत्र लिहावयास बसलेल्या माणसाचें लक्ष पत्रावरून उडून बटणाच्या शोधांत गुंतावें, याहून लेखनसाधनाचा मोठा दोष तो कोणता? नवल हें कीं, याच कंपनीनें आपला एक्सेल १९८५ सालीं प्रथम मॅकिन्टॉशवरच आणला होता. येथील रिवाज तिला अपरिचित नव्हते.

लोकांच्या आग्रहास्तव जुनी पांचवी आवृत्ति पुन्हा उपलब्ध करून देणें कंपनीस भाग पडलें. ६.०.१ ही दुरुस्त आवृत्ति निघाली, तिनें वेग थोडाबहुत सुधारला. परकेपणा मात्र गेला नाहीं. त्यासाठीं दृष्टीच बदलावी लागली. १९९७ सालीं मायक्रोसॉफ्टनें केवळ मॅकिन्टॉशसाठीं स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत ॲपलशीं करार होऊन १५ कोटि डॉलरांचे भाग घेण्यांत आले आणि पांच वर्षें मॅकिन्टॉशसाठीं ऑफिस काढण्याचें वचन देण्यांत आलें.

१९९८ चें 'ऑफिस ९८' या विभागाच्या हातून आलें. त्यांतील वर्डच्या धारिका विंडोजवरील वर्ड ९७ शीं बिनतक्रार जुळत. बसवणूक मात्र मॅकिन्टॉशच्या घरची होती: फोल्डर माऊसनें उचलावा, आपल्या डिस्कवर टाकावा, आणि लिहावयास बसावें.