येलोस्टोन : निर्मनुष्य नव्हतंच ते

आपल्याकडे गिझर म्हणजे बाथरूममधला! येलोस्टोनला ओल्ड फेथफुलसमोर उभं राहिलं की मात्र तो शब्द मूळचा कुणाचा ते कळतं. साधारण दीड तासाने उकळतं पाणी तीस मीटरहून उंच उसळतं आणि जमलेली गर्दी एकदम गप्प होते. फोटो सगळ्यांनीच पाहिले असतील, म्हणून ते वर्णन इथेच थांबवते. मला सांगायचंय ते वेगळंच.

१ मार्च १८७२ ला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने हे जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आदल्या वर्षीच्या हेडन मोहिमेत जॅक्सनने काढलेले फोटो आणि मोरानची चित्रं यांचा त्यात मोठा वाटा होता. तेव्हापासून 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' ही त्याची ओळख. पण खरंच तसं होतं का हो?

उद्यानाच्या उत्तर भागात ऑब्सिडियन क्लिफ नावाचा कडा आहे, काळ्या ज्वालामुखी काचेचा. तिथली काच घेऊन माणसं ११,००० वर्षांपासून बाणांची टोकं आणि सुऱ्या घडवत होती. ती काच पार ओहायोतल्या प्राचीन टेकाडांत सापडली आहे. तुकुदिका शोशोनी लोक तर डोंगरी मेंढ्यांची शिकार करत इथेच राहत. उद्यान झाल्यावर त्यांना राखीव वस्त्यांवर धाडण्यात आलं. वर उद्यानाचे दुसरे अधीक्षक नॉरिस यांनी सांगायला सुरुवात केली की हे लोक गिझरना भिऊन इकडे फिरकतच नसत! पर्यटकांना धीर द्यायला ही गोष्ट सोयीची होती. कारण १८७७ मध्ये सैन्यापासून पळणारे शेकडो नेझ पर्स बायका-मुलांसकट याच उद्यानातून गेले होते आणि वाटेत त्यांची पर्यटकांशी गाठही पडली होती.

प्राण्यांचंही तेच. १९०२ मध्ये इथे जेमतेम दोन डझन रानगवे, म्हणजे बायसन, उरले होते. खाजगी कळपांतून २१ आणून संख्या वाढवली, म्हणून आज रस्ता अडवून ते ऐटीत उभे असतात. लांडगे तर १९२६ पर्यंत सरकारनेच संपवले, आणि १९९५-९६ मध्ये सरकारनेच कॅनडातून ३१ आणून सोडले.

म्हणजे आपण ज्याला 'अस्सल जंगल' म्हणून पाहायला जातो, ते माणसांच्या निर्णयांनी घडलंय. काही निर्णय चुकले, काही सुधारले. गवे परत आणता आले, लांडगेही. माणसांचं काय? आज २७ जमातींचं या भूमीशी नातं अधिकृतपणे मानलं जातं. १८७० च्या पिगन हत्याकांडात भाग घेतलेल्या डोन या अधिकाऱ्याचं नाव एका शिखराला होतं. २०२२ मध्ये ते बदलून 'फर्स्ट पीपल्स माउंटन' केलं. नाव बदलून घर परत मिळत नाही, हे खरंच. पण 'इथे कुणी नव्हतंच' हे म्हणणं तरी थांबतं.

कधी गेलात तर ओल्ड फेथफुलइतकाच वेळ त्या काळ्या कड्यासाठीही ठेवा. तिथे काही उसळत नाही, गर्दीही नसते.