गोगलगायीचा पत्ता

"गोगलगाय नि पोटात पाय" एवढ्या ज्ञानावर आपण शाळेतून बाहेर पडतो. पण मंडळी, याच प्राण्याच्या शंखावरून विसाव्या शतकात जीवशास्त्रज्ञांची चांगलीच जुंपली होती!

लिनियसने १७५८ मध्ये युरोपातल्या एका गोगलगायीला 'नेमोरॅलिस' नाव दिलं. अर्थ, राईतली. शंख जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचा; पण कधी पिवळा, कधी गुलाबी, कधी तपकिरी. वर पट्टे एकापासून पाचपर्यंत कितीही, नाहीतर एकही नाही. मग ओळखायची कशी? रंग सोडा, शंखाच्या तोंडाची कड बघा. पूर्ण वाढलेल्या शंखाची कड गडद तपकिरी असेल तर बहुधा नेमोरॅलिस, पांढरी असेल तर बहुधा तिची बहीण हॉर्टेन्सिस.

मग इतके रंग कशाला? बऱ्याच जणांचं उत्तर होतं, कशालाच नाही, निव्वळ योगायोग. अर्न्स्ट मायरसारख्या दिग्गजानेही १९४२ साली पट्ट्यांचा फायदा-तोटा काही नसतो असंच मानलं होतं.

ऑक्सफर्डच्या आर्थर केन आणि फिलिप शेपर्ड यांना ते पटेना. त्यांनी साधंच काम केलं. जागोजागी शंख गोळा केले आणि शंख नेमका कुठे मिळाला ते बघितलं. १९५० साली निकाल छापला. बीच वृक्षांच्या दाट रानात, तपकिरी पाचोळ्यावर, तपकिरी, गुलाबी आणि बिनपट्ट्यांचे शंख जास्त. गवतात आणि कुंपणाच्या झुडपांत पिवळे, पट्टेवाले जास्त.

हे घडवणारा एक कारागीर म्हणजे साँग थ्रश, आपल्या नारिंगी कस्तुराच्या कुळातला पक्षी. तो गोगलगाय दगडावर आपटून फोडतो आणि टरफलं तिथेच टाकतो. म्हणजे पुरावा आयता! शेपर्डने ती टरफलं मोजली. वसंताच्या सुरुवातीला, जमीन तपकिरी असताना, पिवळ्या गोगलगायी जास्त बळी पडत. हिरवळ वाढली की त्यांचं प्रमाण घटे.

प्रकरण इथेच मिटलं का? छे! १९६३ साली केन आणि जॉन करी यांनाच मार्लबरोच्या माळांवर असे मोठे पट्टे सापडले, जिथे गवत असो वा झुडूप, एकच प्रकार जास्त. तिथे पक्ष्याचं गणित लागू पडेना. हवामान, जुना इतिहास, योगायोग, सगळेच पुन्हा वादात आले.

थोडक्यात काय, कड प्रजाती सांगते आणि रंग, निदान काही ठिकाणी, पत्ता. पण तो वाचायचा तर शंख कुठून उचलला ते लिहून ठेवावं लागतं. नाहीतर डेटा आहे, पण संदर्भ नाही. आणि मग योगायोग म्हणणं फार सोपं असतं.