विमेदाराची खुर्ची

1948 सालच्या एप्रिल महिन्यात राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. आजारपणात औषध मिळावे, रजेच्या दिवसांत हाती काही पैसा यावा, ही त्यातील कलमे सर्वांच्या तोंडी असतात. चौथ्या कलमाकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. विम्याचा कारभार पाहणाऱ्या महामंडळात कोण बसावे हे त्या कलमाने ठरविले. सरकारी सभासद आले, डॉक्टर आले, मालकांचे पाच प्रतिनिधी आले आणि कामगारांचेही पाच आले. ज्याला खोकला झाला तो आणि ज्याने खोकल्याच्या औषधाचा हिशेब ठेवावयाचा तो, हे एका मेजाशी बसावेत, ही कल्पना आपल्याकडे तेव्हा नवीनच होती.

ती आली कोठून? 1883 साली जर्मनीत बिस्मार्कने आजारविम्याचा कायदा केला. समाजवाद्यांचा त्याला किती तिटकारा होता हे आपण जाणताच. तरीसुद्धा त्याने विम्याच्या निधीचा कारभार कामगार व मालक यांच्याकडेच सोपविला. वर्गणीचे दोन भाग कामगाराने भरावयाचे, एक भाग मालकाने. मतेही त्याच प्रमाणात. पैसा ज्याचा त्याचे मत, असा हा रोखठोक व्यवहार होता. पुढे नाझी राजवटीने 1934 साली ही स्वायत्तता मोडून काढली, यावरूनच तिच्यात काही जीव होता हे कळून येते.

आपल्याकडे प्रा. बी. पी. अडारकर यांनी 1944 साली कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा सरकारला सादर केला. 24 फेब्रुवारी 1952 रोजी पंडित नेहरूंनी कानपूर येथे योजनेचे उद्घाटन केले आणि 1954 साली ती मुंबईच्या गिरणगावात पोहोचली. मुंबईत खाजगी डॉक्टरांची यादी करून तीतून आपला डॉक्टर कामगाराने निवडावा अशी पद्धत ठेवली. महामंडळातील खुर्चीपेक्षा ही निवड सामान्य गिरणीकामगाराला अधिक जवळची वाटली असावी, असे मला वाटते. कारण त्या खुर्चीवर कोण बसतो हे त्याला विचारलेच जात नसे. मान्यताप्राप्त संघटनांचा विचार घेऊन केंद्र सरकार नेमणूक करी. मतपेटी नव्हती. पाचाचे पुढे दहा झाले, 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही दहाच राहिले. नेमणुकीची रीत मात्र वरून खाली येणारीच राहिली.

आणि आपला नांदगाव तालुका? येथे मनमाडसारखे रेल्वेचे मोठे जंक्शन. पण 1948 च्या कायद्याने कारखान्याच्या व्याख्येतून रेल्वेची इंजिनशेड वगळली होती. रेल्वेवाल्यांची दवाखान्याची व्यवस्था निराळी होती, हे खरे. सरकी काढण्याचे जिन आणि साखर-गुळाचे कारखाने हंगामी म्हणून वगळले. शेतमजुराचा तर प्रश्नच नव्हता. थोडक्यात, कोरडवाहू मुलखातील बहुसंख्य माणसे विम्याच्या बाहेर राहिली आणि अर्थातच त्या खुर्चीच्याही.

त्यांच्या वाट्याला विमा आला तो फार उशिरा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै 2012 मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर 2013 मध्ये साऱ्या राज्यात पसरली आणि 2017 साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळी वा केशरी शिधापत्रिका दाखवावी, कुटुंबामागे वर्षाला दीड लाखापर्यंतचा उपचार मिळावा. हप्ता सरकारने भरावा. पुढे ही मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली. हिचे उपकार मोठे आहेत, आणि ते नाकारणारा मी नव्हे. परंतु ही योजना कायद्याने नव्हे, शासननिर्णयाने उभी राहिली. त्यामुळे चौथ्या कलमासारखे कलम तिला नाही. कोणते आजार यादीत घ्यावेत, कोणत्या शस्त्रक्रियेला किती दर द्यावा, हे मुंबईत ठरते. रुग्णालयाच्या दाराशी आरोग्यमित्र असतो. तो कागद जुळवून देतो, वाट दाखवितो. धोरण ठरविणे हे त्याचे काम नव्हे.

यावर कोणी म्हणेल, वर्गणी भरली नाही तर बोलण्याचा हक्क कसला? धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत. पण हा हप्ता धर्मादाय नाही. काडेपेटीपासून साबणापर्यंत जे कर आपण भरतो त्यांतूनच तो जातो. शिवाय 1948 च्या कायद्यातच एक तरतूद होती. ज्याची रोजची मजुरी एक रुपयाहून कमी, त्याने स्वतःची वर्गणी द्यावयाची नाही. तरीही तो विमेदारच, आणि कामगारांचे प्रतिनिधी त्याचेही प्रतिनिधी. बिस्मार्कचा हिशेब आपल्या कायद्याने त्याच दिवशी ओलांडला होता. इंग्लंडात तर आरोग्यसेवेचा खर्च मुख्यतः करांतून होत असतानाही 1974 साली जागोजाग लोकांची आरोग्यमंडळे स्थापन झाली. 2003 मध्ये ती इंग्लंडात बंद झाली, हेही सांगितले पाहिजे.

आपल्या राज्यातही 2007 पासून पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद या जिल्ह्यांत एक प्रयोग झाला. गावकऱ्यांनी आरोग्यकेंद्राची पाहणी करावयाची, हिरवा, पिवळा किंवा लाल असा शेरा द्यावयाचा आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर तो वाचावयाचा. वर्गणीची पावती कोणी मागितली नाही. मात्र हा प्रयोग सरकारी दवाखान्यांपुरता होता; विम्याच्या यादीला आणि दराला असा शेरा देण्याची सोय त्यात नव्हती.

ती असती तर पहिला प्रश्न कोणता आला असता? नांदगावहून नाशिक सुमारे शंभर किलोमीटर. शेतमजूर बायको रुग्णालयात, नवरा तिच्या उशाशी. शस्त्रक्रियेचे पैसे योजना भरते. दोघांच्या बुडालेल्या रोजाचे काय? राज्य कामगार विम्यात आजारपणाच्या काळात रोख भत्ता पहिल्यापासून आहे. शिधापत्रिकेवरच्या विम्यात तो नाही.