चाकाची साक्ष

मंडळी, बैलगाडीचे चाक पाहून ते कोणत्या सुताराच्या हातचे हे सांगणारा जाणता गावात असतो. रणगाड्याचे चाकही असेच बोलते.

रशियाच्या टी-३४ रणगाड्याला दर बाजूस पाच मोठी चाके असत. आपल्या चाकावर जशी लोखंडी धाव, तशी त्यांवर रबराची जाड पट्टी. महायुद्धात रबराची टंचाई पडली. एरवी ट्रॅक्टर करणाऱ्या स्टालिनग्राडच्या कारखान्याने १९४२ च्या सुमारास पोलादी कडेची चाके बसविली. रबर उरले ते आतल्या भागात, थोडेसेच. गाडी फार हादरे, खडखडे. म्हणून पुष्कळदा पुढचे नि मागचे चाक रबरी, मधली तीन पोलादी, अशी तडजोड करीत.

तिकडच्या शेतांतून, दलदलींतून अशी चाके आजही निघतात. ती ओळखायची कशी? आधी खरवडू नये. कोठे सापडले ते लिहावे, व्यास मोजावा, बोल्टांची भोके मोजावी, ओतीव अंक टिपावे. पण एका चाकावरून अख्ख्या गाडीचे साल ठरवू नये. दुरुस्तीत एकीचे चाक दुसरीला लागे.

गुरुजी, पुस्तकात टंचाई एका ओळीत संपते. मुलांना ही पाच चाके फळ्यावर काढून दाखवा. ती का वेगळी, हे मुलेच विचारतील.