आवाज उत्तम, पुन्हा सांगा

घरी दिवे, पंखा आणि टेलिफोन असताना माणसाने टेकडीवर जाऊन बॅटरीवर रेडिओ का चालवावा, असे सौभाग्यवतींनी विचारले तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. "फील्ड डे आहे," एवढेच म्हणालो. "स्वेटर घ्या," म्हणून तिने विषय संपवला.

फील्ड डे ही मूळची अमेरिकेतली कल्पना. तिथल्या हौशी रेडिओवाल्यांच्या संस्थेने, अमेरिकन रेडिओ रिले लीगने, 1933 साली तो सुरू केला. वीज गेली, तारा तुटल्या, तर आपले यंत्र उघड्या माळावर चालेल का, याची ही परीक्षा. पण परीक्षेला हौसेने कोण बसतो? म्हणून तिची शर्यत केली: चोवीस तासांत जास्तीत जास्त केंद्रांशी बोलायचे. तिकडे हा सोहळा जूनअखेरीस असतो. आपल्याकडे जूनमध्ये टेकडीवर गेल्यास फक्त पावसाशी बोलणे होईल, म्हणून आमच्या मंडळींनी जानेवारी धरला.

वरच्या मजल्यावरचे नाना या मंडळींचे म्होरके. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढल्याखेरीज माईकला तोंड लावता येत नाही. मी पडलो बी.कॉम.; माझ्या हाती वही आली. चाळीस मीटरच्या लहरींसाठी वीस मीटरची तार आंबा आणि बांबू यांच्यामध्ये ताणली. तिच्यावर कोणीतरी टॉवेल वाळत घातला. नानांनी तो ओढून काढला आणि 'सी क्यू, सी क्यू' अशी हाळी सुरू केली. म्हणजे, जो कोणी ऐकत असेल त्याने बोला!

वहीने मात्र माझा जीव काढला. वेळ ग्रीनिचची लिहायची. रात्री दोन वाजता मी आदल्या दिवसाची तारीख टाकून रात्रीचे साडेआठ लिहिले. बँकेत हेच केले असते तर चार्जशीट मिळाले असते! कॉलेजात तीन वर्षे दुहेरी नोंदीचे माहात्म्य घोकले. इथे त्याच बँडवर तेच केंद्र दुसऱ्यांदा नोंदले की गुण शून्य. शिवाय किती ऐकू येते त्याचेही गुण असतात, पाचापैकी पाच, नवापैकी नऊ, आणि ते सगळे सगळ्यांना देतात. "आपला आवाज पाच-नऊ, उत्तम! नाव पुन्हा सांगा, कळले नाही."

पहाटे कुडकुडत मी विचारले, "नाना, हे सगळे कशासाठी हो?"

"तुझ्या मामीला विचार," नाना म्हणाले.

मी गप्प झालो. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद यांचा रेडिओवाला चमू पोर्ट ब्लेअरला गेला होता. अंदमानाशी बोलणे ही जगभरच्या हौशींना दुर्मीळ पर्वणी. गेले होते तेवढ्याच हौसेने. 26 तारखेला त्सुनामी आली, टेलिफोन बंद पडले. मंडळींनी हौस बाजूला ठेवली आणि त्याच यंत्रांवरून माणसांची खबरबात मुख्य भूमीवर पोचवू लागली.

माझा मामेभाऊ तेव्हा तिथेच नोकरीला होता. मामी आमच्याकडे येऊन बसलेली. तीन दिवस पोटात अन्न नाही. चौथ्या दिवशी नाना बनियनवरच जिना उतरून आले. हातात कॅलेंडरचा फाटका तुकडा, त्यावर दोन शब्द: 'सुखरूप आहे'.

नानांच्या गच्चीवरच्या तारेविरुद्ध सोसायटीत जो अर्ज गेला होता, त्यावर पहिली सही माझी होती. नानांनी तो विषय कधीच काढला नाही. आताही काढला नाही. मी थर्मासमधला चहा त्यांच्यापुढे केला.

तेवढ्यात साडेपाच झाले. ग्रीनिचला बारा वाजले आणि वहीतली तारीख एकदाची माझ्या तारखेशी जुळली.